नीरगंटीचा पुढचा अंक

कॉमिक विकणाऱ्या बाईला दिवाळी अंकात लिहायला सांगणारे संपादक एक तर फार हौशी असावेत, नाहीतर त्यांना वेळेवर लेख कमी पडले असावेत. मला दोन्ही चालतं. दुकान मागच्या वर्षी बंद केलं, तेव्हापासून माझ्याकडं वेळच वेळ आहे आणि ऐकायला कुणी नाही. नवरा ऐकतो, पण तो निपाणीचा असल्यामुळं मधेच स्वतःचं सांगायला लागतो.

बेंगळुरूत जयनगरच्या बाजारात, जिन्याखालच्या गाळ्यात आमचं दुकान होतं. आधी भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी होती. लोक कादंबऱ्या न्यायचे बंद झाले तसं आम्ही कॉमिककडं वळलो. मला तेव्हा वाटायचं, कॉमिक म्हणजे पोरांचं. पहिल्याच महिन्यात डोकं ठिकाणावर आलं. माझी निम्मी गिऱ्हाइकं टक्कल पडलेली होती.

हा धंदा बाहेरच्याला समजत नाही, म्हणून जरा सांगते. मोठ्या कंपन्यांची कॉमिक पेटीतून येतात, त्यात काही गंमत नाही. गंमत असते ती स्वतंत्र मालिकांची. यांच्यामागं कंपनी नसते. एकच माणूस गोष्ट रचतो, तोच चित्रं काढतो, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या छोट्या छापखान्यात उभं राहून छापून घेतो आणि गठ्ठा स्कूटरवर घालून आमच्यासारख्यांच्या दारात आणून टाकतो. पातळ अंक, मधे दोन पिना, खर्च निघाला तर पुढचा. त्यामुळं पुढचा अंक कधी येईल हे देवाला आणि त्या चित्रकाराला माहीत. बहुतेक वेळा चित्रकारालाही नसतं.

आणि गिऱ्हाईक मात्र अर्ध्या गोष्टीवर लटकलेलं. नेहमीच्या प्रत्येक माणसासाठी मी मांडणीत एक खण ठेवला होता. त्याच्या मालिकेचा नवा अंक आला की आधी त्याच्या खणात जायचा, उरला तर बाहेर. अंक घालायच्या आधी पानं चाळायची, कुठं चिकटलं आहे का, उलटं लागलं आहे का बघायचं, मग मागं पुठ्ठा लावून प्लास्टिकमध्ये सरकवायचा, म्हणजे कोपरा दुमडत नाही. कोपरा दुमडला तर काही गिऱ्हाइकांना जेवण जात नाही. एकजण प्रत्येक अंकाच्या दोन प्रती घ्यायचा, एक वाचायला आणि एक कधीच न उघडायला. शहराच्या पार टोकाच्या व्हाइटफील्डचा एक साहेब एवढी वाहतूक तुडवत यायचा आणि दारातूनच विचारायचा, "अक्का, बंता?" म्हणजे आला का. नाही म्हटलं की तसाच परत जायचा. मी म्हणायची, अरे फोन करून ये की. तो म्हणायचा, फोनवर 'नाही' ऐकायला फार वाईट वाटतं, अक्का.

आता पोरं मोबाइलवर सगळी मालिका एका बैठकीत संपवतात. संपवू देत बापडी. पण दोन अंकांच्या मधल्या महिन्यांत माणूस गोष्टीचं जे काही करत बसतो, मनातल्या मनात पुढचं रचतो, ते त्यांच्या वाट्याला येत नाही. मी त्या मधल्या महिन्यांची दुकानदार होते. मला त्याचीच आठवण येते, विक्रीची नाही.

तर ही गोष्ट 'नीरगंटी' नावाच्या मालिकेची. नीरगंटी म्हणजे जुन्या काळी गावच्या तळ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघणारा माणूस. या मालिकेत ती एक बाई होती, केंपी नावाची. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन ती आजच्या बेंगळुरूत फिरते आणि बुजवलेली तळी शोधते. एका अंकात एक तळं. कुठं त्याच्यावर बसस्टँड झालेलं, कुठं क्रीडांगण. केंपी जमिनीला कान लावते आणि खालचं पाणी तिच्याशी बोलतं. सगळं कन्नडात. काळ्या शाईची चित्रं, फक्त पाणी तेवढं निळं. मी दुकानदार असूनही पुढच्या अंकाची वाट बघत होते, हे इथं मोकळेपणानं सांगते.

काढणारी मुलगी तिशीतली होती. अंकावर नाव घालायची 'हनी'. कन्नडात हनी म्हणजे थेंब. केस आखूड, बोटांना कायम शाई, बोलणं तुटक. माझ्याशी कन्नडात बोलायची. मी एकदा बहिणीशी फोनवर मराठीत भांडत होते, ते ऐकून तिनं गठ्ठा ठेवता ठेवता वर बघितलं आणि पुन्हा अंक मोजायला लागली.

दुसरा अंक आला त्याच्या आसपास एक गृहस्थ दुकानात आले. सत्तरी ओलांडलेले, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस मी जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखते. त्यांनी 'नीरगंटी' मागितलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश उलटलं आणि चष्मा कपाळावर चढवून इंग्रजीत विचारलं, यात काय लिहिलं आहे.

"कन्नड येत नाही?" मी विचारलं.

"बोलतो. स्वल्प. वाचता येत नाही."

मी म्हटलं, किती वर्षं इथं? तर म्हणाले, सगळी नोकरी. आडनाव साठे. मग काय, मराठीच सुरू झालं. मी म्हटलं, अहो साठे, एवढ्या वर्षांत अक्षर ओळख नाही? ते म्हणाले, कारखान्यात इंग्रजी, घरी मराठी, भाजीवाल्याकडे बोट दाखवायचं, गरज पडली नाही. आणि मग अंक माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवाल का?"

दुपारची वेळ होती, दुकानात माशी नव्हती. मी स्टूल पुढं ओढलं. निपाणीकडची माणसं आम्ही, शाळा कन्नड, घर मराठी, जीभ दोन्हीकडं चालते. मी पात्रांच्या तोंडच्या फुग्यातलं कन्नड वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. ते चित्रावर बोट ठेवून ऐकायचे. केंपी जमिनीला कान लावते तिथं ते बोट उचलायला विसरले.

तिसऱ्या अंकाला त्यांनी सांगितलं. मी वाचून संपवलं आणि ते अंक प्लास्टिकमध्ये घालत, जणू कारखान्यातला अहवाल देताहेत अशा आवाजात म्हणाले, "ही माझी मुलगी काढते. मुग्धा."

गोष्ट काय होती, तर फार काही नव्हती. आई लवकर गेलेली, बापलेक दोघंच घरात. मुलगी व्हाइटफील्डला कंपनीत चांगल्या नोकरीला होती. ती सोडून चित्रं काढायची म्हणाली. हे म्हणाले, माझ्या घरात राहायचं तर नोकरी करावी लागेल. ती म्हणाली, बरं. आणि बॅग भरून गेली. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. दोघंही इतके सरळ की एकमेकांचा शब्द खरा धरून बसले. त्यावर काही वर्षं गेली होती. मालिकेचं त्यांना कुण्या नातेवाइकाकडून कळलं होतं.

"तुम्ही तिला सांगायचं नाही मी येतो म्हणून," साठे म्हणाले. "आणि ती कुठे राहते ते मला सांगायचं नाही. मी विचारणार नाही."

"का हो?"

"तिनं बोलावलं तर जाईन. मी विचारून जाणार नाही."

मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं. गिऱ्हाइकाच्या घरात दुकानदारानं पाय घालू नये. मी त्यांना साठे म्हणायचं सोडून अण्णा म्हणायला लागले, एवढाच फरक. ती राहत होती बसवनगुडीत, आमच्या दुकानापासून चालत जाण्यासारखं. अण्णा जयनगरातच. दोघंही एकाच बाजारात भाजी घेत असतील, देव जाणे. ती गठ्ठा घेऊन सकाळी यायची, हे दुपारी. मधे मी.

अशी तीनेक वर्षं गेली असतील. अंक येईल तसा मी वाचून दाखवायची. त्यांचा खण दाराजवळच होता. अंक नसला तरी ते यायचे, खण रिकामा बघायचे आणि म्हणायचे, "काढत असेल. चांगलं काम वेळ घेतं." मुलीशी हे एकदा बोलले असते तर माझी गरजच पडली नसती, असं मला दरवेळी वाटायचं आणि मी दरवेळी गप्प बसायची. खरं सांगायचं तर ती दुपार मलाही हवी असायची. माझी मुलं परदेशी. दुसरं कुणीही माझ्याकडून गोष्ट ऐकायला येत नव्हतं.

मग आला तो वॉल्व्हचा अंक. त्यात केंपी रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडते, लांब चावी आत घालते आणि गल्लीला पाणी सोडते. मी भान हरपून वाचत होते. अण्णांनी मला थांबवलं.

"ही उजवीकडे फिरवते आहे."

"मग?"

"उजवीकडे फिरवलं की वॉल्व्ह बंद होतो. उघडायला डावीकडे. ही बाई गल्लीचं पाणी तोडते आहे आणि वर लोक आनंदानं घागरी भरताहेत." त्यांचा सगळा जन्म कारखान्यात वॉल्व्ह तपासण्यात गेलेला. त्या पानापुढं त्यांना जाताच येईना. "सांगा तिला. माझं नाव न घेता सांगा."

मी सांगितलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा सहज म्हणून म्हटलं, अगं हनी, एक गिऱ्हाईक म्हणत होतं, वॉल्व्ह डावीकडं फिरतो उघडताना.

ती गठ्ठा सोडत होती. हात थांबले. "कोण गिऱ्हाईक?"

"येतात एक."

"चष्मा कपाळावर चढवून बोलतात?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण पटकन येत नाही. तेवढ्यात तिला कळलं. आणि ती माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली. चांगलं स्वच्छ, बापासारखंच मराठी.

"त्यांना कन्नड वाचता येत नाही."

"मी वाचून दाखवते."

"अक्का, मी हे कन्नडात का काढलं ठाऊक आहे तुम्हाला? मराठीत काढलं असतं तर बाबांनी एकेक शब्द तपासला असता. इंग्रजीत काढलं असतं तरी तेच. लहानपणापासून माझं प्रत्येक चित्र लाल पेनानं तपासून मिळालंय मला. कन्नड ही एकच जागा होती, जिथं ते येऊ शकत नव्हते. माझी स्वतःची. आणि तुम्ही त्यांना स्टूल देऊन आत बसवलंत."

मी म्हटलं, अगं, विकलेला अंक गिऱ्हाइकाचा, तो कुणाकडून वाचून घेईल ते मी काय सांगू. बरोबरच होतं ते. पण बोलताना माझाच आवाज मला पातळ वाटला.

"पुढचा अंक निघाला तर शेवटचा असेल," ती म्हणाली. "निघेलच असं नाही." आणि गेली.

आता माझी झोप उडाली. अण्णांच्या हातात मुलीचं म्हणून जे काही होतं ते हे एवढंच होतं, चार-सहा महिन्यांनी येणारं एक पातळ कॉमिक. तेही माझ्या तोंडामुळं बंद झालं तर? ते यायचे, खण बघायचे. "काढत असेल," म्हणायचे. मी हो म्हणायची. त्या वर्षी मी त्या माणसाच्या तोंडाकडं नीट बघितलं नाही. फोन करून हनीची माफी मागावी असं रोज वाटायचं, पण माफी कशाची मागायची ते नक्की होत नव्हतं. वाचून दाखवल्याचा मला पश्चात्ताप नव्हता, आजही नाही.

अण्णांचं एक बघत होते मी. ते हल्ली आल्या आल्या रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल काहीबाही विचारायचे. समोरच्या मिठाईवाल्याच्या पाटीवर तिसरं अक्षर कोणतं, बसवर पुढं काय लिहितात. मी म्हटलं, म्हातारपणी वेळ जात नसेल. विचारतील ते सांगायची, झालं.

आणि एका सकाळी हनी आली. हातात लहानसा गठ्ठा. सुकलेली दिसत होती. काउंटरवर ठेवून म्हणाली, "शेवटचा."

मी वरचा अंक उघडला. चाळला. पुन्हा पहिल्यापासून चाळला. एकही फुगा नव्हता. एक शब्द नव्हता. नुसती चित्रं.

"रागानं गाळलेस का गं शब्द?"

"आधी रागानंच," ती म्हणाली. "म्हटलं, घ्या, वाचून दाखवा आता. निम्मा झाला तेव्हा लक्षात आलं, हा बाबांना एकट्यानं वाचता येईल. मधे कुणी लागणार नाही. मग उरलेला रागानं नाही काढला." ती दाराकडं वळली आणि तिथूनच म्हणाली, "वॉल्व्ह बघा म्हणावं त्यांना."

त्या दुपारी अण्णा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. खणात अंक दिसला, चेहरा उजळला. मी स्टूल ओढायला गेले तर म्हणाले, "अक्का, तुम्ही आज गप्प बसायचं. मी वाचणार."

"तुम्ही?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. इथल्या मराठी लोकांच्या मंडळात पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेल्या पोरांसाठी कन्नडचा वर्ग सुरू झाला होता. त्यात वर्षभर हे जात होते. सगळ्यांत म्हातारे, सगळ्यांत ढ, असं स्वतःच म्हणाले. जोडाक्षरांशी अजून झगडा होता, पण सावकाश वाचता येत होतं. घरचे जुने अंक मुद्दाम उघडले नव्हते, या नव्या अंकासाठी थांबले होते.

 त्यांनी प्लास्टिक काढलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग भराभरा चार-पाच पानं उलटली आणि माझ्याकडं बघितलं.

"ही बोलतच नाही हो," ते म्हणाले. "बोलणं बंद केलं का तिनं?"

असा चेहरा मी आयुष्यात कुणाचा बघितला नाही. मग मी दुकानदारीचे सगळे नियम सोडले आणि सांगून टाकलं. तिला कसं कळलं, ती काय म्हणाली, लाल पेनाचं, कन्नडाचं, आणि शब्द का गाळले तेही. "तुमच्यासाठी गाळलेत अण्णा. तुम्हाला वाचता यावं म्हणून."

त्यांनी अंक मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "लाल पेनानं मी फक्त चुका दाखवत होतो." खिशातली पेनं चाचपत म्हणाले, "चांगलं आलंय असं पण एकदा लिहायचं असतं, नाही का." आणि अंक पहिल्यापासून उघडला.

मी मांडणीकडं तोंड करून उभी राहिले, पण मला पानांचा आवाज येत होता. गोष्ट सकाळीच बघितली होती मी. एक म्हातारा स्वयंपाकघरात नळाखाली भांडं धरून उभा आहे. नळ कोरडा. बाहेर रस्त्यात केंपी झाकण उघडते, चावी घालते आणि डावीकडं फिरवते. त्याला तिनं पूर्ण पान दिलं होतं, चावी, हात आणि फिरण्याची दिशा. पाणी येतं. म्हाताऱ्याचं भांडं भरतं. शेवटच्या चित्रात भिंतीच्या आत तो आणि भिंतीबाहेर ती, भिंतीला कान लावून, भांड्यात पडणारं पाणी ऐकत.

"बरोबर फिरवलंय," अण्णा म्हणाले.  मग, "ही बाहेर का उभी आहे? आत का येत नाही?"

"त्यानं बोलावलं नाही म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. अंक मिटायला घेतला आणि थांबले. मागच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात, कुठं छापलं, कुणी काढलं, कुठं लिहायचं ते कन्नडात असतं. सगळ्याच अंकांवर होतं. मी फुगे वाचून दाखवायची, हे कधी वाचलं नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं. त्यांनी अंक डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं एकेक अक्षर धरत मोठ्यानं वाचायला लागले. घराचं नाव. क्रॉस. मेन, म्हणजे गल्लीचे आणि रस्त्याचे आकडे. मग, "ब... स... व... न..." आणि तिथं अडकले. मी ओठ घट्ट मिटून घेतले. "गु... डि." त्यांनी वर बघितलं. "बसवनगुडी? इतक्या जवळ?"

ते उठले. अंक छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. 

"अक्का, जाताना काय न्यावं हो? घरात हे सगळं हिची आई बघायची."

"काही नको अण्णा. नुसते जा."

ते गेले. त्यानंतर दोघांपैकी कुणीच आलं नाही. मालिका संपली होती, यायचं कारण नव्हतं. अण्णांचा खण मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. गेले की नाहीत, दारातूनच परत फिरले की काय, तिनं दार उघडलं की नाही, काही कळेना. एवढी वर्षं पुढचा अंक लोकांच्या हातात ठेवणारी मी, आणि माझाच अडकला होता. तिचा नंबर माझ्याकडं होता. फोनवर 'नाही' ऐकायचं धैर्य झालं नाही.

दुकान बंद होणार हे बाजारात पसरलं तेव्हा हनी आली. रिकाम्या मांडणीकडं बघत उभी राहिली. मी तिला काही विचारलं नाही.

"बाबा रविवारी येतात," ती आपणहून म्हणाली. "पहिल्या अंकापासून वाचताहेत. मोठ्यानं. एक पान संपता संपत नाही."

"नीट वाचतात?"

"कुठलं. निम्मं चुकतात."

"मग सांगत नाहीस?"

"नाही," ती म्हणाली. "चुकू दे. मी नुसती ऐकत बसते."

मी बरं म्हटलं आणि उगाच फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. डोळे भरून आले होते, तिला दाखवायचे नव्हते. मला फार आनंद झाला होता आणि त्या आनंदात माझी दुपार कायमची गेली होती. एकदा त्या रविवारी जाऊन कोपऱ्यात बसावं, अण्णा वाचताना ऐकावं, असं तोंडावर आलं होतं. तिनं बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. बसवनगुडी आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे.